इब्सेनच्या ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ नाटकातील घरमालक आणि नव्या नळांच्या खर्चाचा प्रश्न : एक पुनर्वाचन

प्रस्तावना

हेन्रिक इब्सेनचे ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ हे पाच अंकी नाटक १८८२ साली प्रसिद्ध झाले आणि १३ जानेवारी १८८३ रोजी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथे ते प्रथम रंगभूमीवर आले. इंग्रजी भाषांतराच्या मार्फत ते आपल्या महाविद्यालयीन वर्गांत दीर्घकाळ परिचित आहे. सत्य विरुद्ध बहुमत, एकाकी व्यक्तीचे नैतिक बळ, वृत्तपत्रांची लाचारी ही या नाटकाची आशयसूत्रे म्हणून सांगितली जातात आणि विद्यार्थीही ती उत्तरपत्रिकेत इमानाने उतरवितात. या वाचनाला नाटकात भक्कम आधार आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही नाटकातले वारे नेमके कोणत्या क्षणी फिरते हे शोधू गेल्यास आपण एका छापखान्यात, तिसऱ्या अंकाच्या मध्यावर येऊन पोहोचतो. तेथे चाललेले बोलणे पैशाचे आहे. गावाचे नळ उखडून नवे घालायचे झाल्यास तो खर्च कोणाच्या अंगावर पडणार, एवढाच तेथील प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने नाटकाचे पुनर्वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. नाटकात घरमालकांचा एक संघ आहे, त्याचा अध्यक्ष आस्लाकसन नावाचा मुद्रक आहे, आणि हा मनुष्य समीक्षेत बहुधा विनोदी पात्र म्हणून हातावेगळा केला जातो. त्याने विचारलेला प्रश्न रास्त होता. त्या प्रश्नापासून तो ज्या निष्कर्षाकडे गेला तो मात्र निंद्य होता. या दोहोंमधील अंतर न मोजता जे वाचन केले जाते ते डॉक्टरला फार स्वस्तात नायक बनविते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गावाचे अर्थकारण

नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरील हे छोटे गाव नुकत्याच सुरू झालेल्या आरोग्यस्नानगृहांवर डोळे लावून बसले आहे. डॉ. थॉमस स्टॉकमन हा तेथील वैद्यकीय अधिकारी. त्याचा थोरला भाऊ पीटर हा नगराध्यक्ष आहे, पोलिसांचा प्रमुख आहे आणि स्नानगृहांच्या समितीचा अध्यक्षही तोच आहे. कर बसविणारा हात आणि कंपनी चालविणारा हात एकाच देहाला असल्याचे इब्सेन पात्रयादीतच सांगून टाकतो. पुढील सर्व घडामोडींच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

पहिल्याच अंकात पीटर स्नानगृहांचे गुणगान करतो. त्यात आरोग्यापेक्षा मालमत्तेचा हिशेब अधिक आहे. गावात पैसा खेळू लागला आहे, घरांच्या आणि जमिनींच्या किमती चढत आहेत, बेकारी कमी झाली आहे आणि गरिबांच्या पोषणासाठी मालमत्ताधारकांवर जो कर पडत असे त्याचे ओझे हलके झाले आहे, असे तो समाधानाने सांगतो. प्रेक्षक हे संभाषण सहज ऐकून सोडून देतो, कारण जेवणाच्या टेबलावर गोमांस आहे आणि दोघा भावांची कुरबुर अधिक रंजक आहे. परंतु नाटकाचा पाया येथेच घातला गेला आहे. या गावातील घरमालकाला स्नानगृहांपासून दुहेरी लाभ होतो. त्याच्या घराची किंमत वाढते व भाडे येते, आणि त्याचा कर घटतो.

दुसऱ्या अंकात आस्लाकसन डॉक्टरकडे येतो तोही याच हिशेबाने. स्नानगृहे म्हणजे गावाची लहानशी सोन्याची खाण आहे, सर्वांनाच तिच्यावर जगायचे आहे आणि घरमालकांना तर सर्वांत अधिक, अशा आशयाचे तो बोलतो आणि म्हणूनच आपला संघ डॉक्टरच्या पाठीशी उभा राहील असे आश्वासन देतो. येथे ढोंग काहीच नाही. आस्लाकसन आपले हितसंबंध उघडपणे मांडतो. पाणी सुधारले तर खाण सुरक्षित राहील, म्हणून पाणी सुधारावे, असे त्याचे साधे गणित आहे. त्या क्षणी डॉक्टरने विचारायला हवे होते की या सुधारणेचा वाटा उचलण्यास संघ तयार आहे काय. तो विचारीत नाही. लोक आपल्या पाठीशी आहेत या आनंदात तो हरखून जातो.

दूषित पाण्याचे कारण स्पष्ट आहे. वरच्या बाजूच्या मिल-दरीत कातडी कमावण्याचे कारखाने आहेत, त्यांची घाण झिरपून नळांत येते आणि पाणी उचलण्याची जागा फार खाली धरली गेली आहे. आदल्या वर्षी पाहुण्यांमध्ये विषमज्वराचे व पोटाच्या विकारांचे रुग्ण आढळल्यावर डॉक्टरने पाण्याचे नमुने विद्यापीठाकडे पाठविले आणि तेथून रासायनिक पृथक्करणाचा अहवाल आला. विषमज्वराचा जंतू कार्ल एबर्ट याने १८८० साली, म्हणजे नाटकाच्या अवघी दोन वर्षे आधी, वर्णिला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे इब्सेनने किती ताजे विज्ञान रंगमंचावर आणले याची कल्पना येते. शिवाय नळ कोठून न्यावेत याबाबत डॉक्टरने आरंभीच वेगळा सल्ला दिला होता आणि तो झिडकारला गेला होता. म्हणजे दोष कोणाचा हेही निर्विवाद आहे. दूषित करणारे कारखानदार ठाऊक आहेत, चुकीच्या जागी नळ टाकणारे संचालक ठाऊक आहेत आणि लाभार्थी घरमालकही ठाऊक आहेत. सार्वजनिक वित्तशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा सुबक उदाहरण मिळणे कठीण.

तिसऱ्या अंकातील वळण

नगराध्यक्ष मागच्या दाराने वृत्तपत्राच्या कचेरीत शिरतो. संपादक होव्स्टॅड आणि मुद्रक आस्लाकसन डॉक्टरचा लेख छापण्याच्या तयारीत आहेत. पीटर लेखातील विज्ञानाला हातही लावीत नाही. अल्पउत्पन्न करदाते एवढ्या मोठ्या त्यागाला सिद्ध झाले याबद्दल तो आस्लाकसनचे अभिनंदन करतो. आस्लाकसन गोंधळतो. कसला त्याग? मग आकडा येतो. काही लाख क्रोनर खर्च होईल, त्यासाठी नगरपालिकेला कर्ज काढावे लागेल आणि दोन वर्षे स्नानगृहे बंद राहतील.

आस्लाकसनची पहिली प्रतिक्रिया समीक्षकांनी पुरेशा आदराने वाचलेली नाही. छोट्या दुकानदारांच्या रिकाम्या खिशातून हा पैसा काढायचा काय, असे तो विचारतो, आणि खर्च स्नानगृहांच्या मालकांनी करावा असे म्हणतो. हे उत्तर न्याय्य आहे. ज्यांनी चुकीच्या जागी नळ टाकला आणि ज्यांच्या भांडवलावर लाभांश मिळायचा आहे त्यांनी दुरुस्ती करावी, यात कोणते भेकडपण आहे? पीटर एका वाक्यात हा मार्ग बंद करतो. मालक आणखी पैसा घालण्याच्या स्थितीत नाहीत. सुधारणा हवी असेल तर ती गावाने करावी. ही स्थिती कोणी तपासली, ताळेबंद कोणी पाहिला, हे विचारण्याइतका अवधी नाटककार कोणालाच देत नाही. सांगणारा नगराध्यक्ष आणि मालकांचा प्रतिनिधी एकच असल्यामुळे त्याचे म्हणणे तपासायला दुसरा कोणी उरतही नाही.

यानंतर जे घडते ते या नाटकाचे मर्म आहे. आस्लाकसनपुढे दोन वाटा होत्या. मालकांनी पैसा दिलाच पाहिजे, असा आग्रह धरून संघ उभा करणे ही एक. पाणी मुळी दूषितच नाही, असे मानणे ही दुसरी. दुसरी वाट स्वस्त आहे, तिला काहीच खर्च येत नाही. ‘आम्ही पैसे देणार नाही’ या वाक्यापासून ‘पाणी स्वच्छ आहे’ या वाक्यापर्यंत आस्लाकसन काही मिनिटांत येऊन पोहोचतो आणि आपण केव्हा उंबरठा ओलांडला हे त्याच्या लक्षातही येत नाही. पहिले वाक्य राजकीय आहे. त्यावर वाद घालता येतो, मतदान घेता येते, तडजोड करता येते. दुसरे वाक्य वस्तुस्थितीचे आहे आणि त्यावर मतदान घेता येत नाही. चौथ्या अंकातील सभा मात्र नेमके तेच करते. पीटरचे कौशल्य खोटे बोलण्यात फारसे नाही. खऱ्याची किंमत कोणाच्या खात्यावर लिहायची हे त्याने ठरवून टाकले. पुढचे खोटे घरमालकांनी स्वतःच तयार केले.

लाभाइतका भार

घरमालकांकडून गटारांचा व नळांचा खर्च वसूल करावा की नाही हा प्रश्न इब्सेनच्या कल्पनेतला नाही. पाश्चात्त्य नगरांत गल्लीत गटार बांधले वा जलवाहिनी टाकली की तिचा भांडवली खर्च लगतच्या मिळकतींवर विशेष आकारणीच्या रूपाने बसविण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली नॉर्वुड विरुद्ध बेकर या खटल्यात, रस्त्याच्या संदर्भात, या पद्धतीला मर्यादा घातली. मिळकतीला झालेल्या विशेष लाभापेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक आकारणी करणे म्हणजे मोबदला न देता खाजगी मालमत्ता घेणे होय, असे तत्त्व त्या निकालात मांडले गेले. आपल्याकडे मुंबई महानगरपालिका अधिनियमात पाणीपट्टीपासून जललाभ कर आणि मलनिःसारण करापासून मलनिःसारण लाभ कर वेगळा काढलेला आहे. लाभ कर हा सुविधा उभारण्याच्या व सुधारण्याच्या भांडवली कामांसाठी आहे. ‘लाभ’ या एका शब्दात जे तत्त्व सामावलेले आहे त्याचा उच्चार इब्सेनच्या नाटकात एकही पात्र करीत नाही.

ते तत्त्व लावून पाहू. स्नानगृहांमुळे घरांच्या किमती वाढल्या हे पीटरनेच सांगितले आहे. म्हणजे घरमालकांकडे वाटा मागणे अन्यायाचे नाही. पण सर्वच गाव घरमालकांचे नाही. सर्वसाधारण करातून कर्ज फेडले तर ज्याला स्नानगृहांपासून छदामही मिळत नाही त्यालाही ते फेडावे लागेल, आणि ज्याच्या कारखान्याची घाण नळात येते तोही इतरांएवढाच मोकळा राहील. कातडीच्या कारखान्यांनी खर्च द्यावा ही सूचना संपूर्ण नाटकात कोणी करीत नाही. डॉक्टरही नाही. त्यातील मुख्य कारखाना त्याच्या पत्नीला वाढविणाऱ्या मॉर्टन कीलचा आहे, हे येथे विसरता येत नाही. डॉक्टर भित्रा आहे असा याचा अर्थ नाही. त्याच्या अहवालात कीलच्या कारखान्याकडे बोट दाखविलेले आहे. पण दूषित करणाऱ्याचा दोष आणि दुरुस्तीचे देयक यांची सांगड घालण्याचे त्याला सुचत नाही.

बहुमत कोणाचे?

चौथ्या अंकात कॅप्टन हॉर्स्टरच्या घरी सभा भरते. आस्लाकसन अध्यक्ष होतो. डॉक्टरने आपला अहवाल वाचू नये असा ठराव येतो. या वेळी नगराध्यक्षाच्या भाषणात पुन्हा करदात्यांवर पडणाऱ्या भाराचा उल्लेख आहे. आकडा मात्र आता निदान एक लाख क्रोनर असा सांगितला जातो. आधीच्या अंकांतील काही लाखांचे काय झाले हे सभेत कोणी विचारीत नाही. अंदाजपत्रकाच्या आकड्यांची ही लवचीकता ज्यांनी आपल्या नगरपालिकांच्या सभांचे इतिवृत्त वाचले आहे त्यांना नवी वाटू नये.

अहवाल वाचता न आल्यामुळे डॉक्टर नळांचा विषय सोडून देतो आणि समाजाच्या नैतिक विषबाधेवर बोलू लागतो. बहुमत कधीच बरोबर नसते, सत्ये अठरा-वीस वर्षांत म्हातारी होतात, जातिवंत पूडल आणि गल्लीतील कुत्रा यांत जो भेद असतो तोच माणसांत असतो, असा त्याचा युक्तिवाद चढत जातो. हे भाषण नाटकाचा कळस मानले जाते. प्रस्तुत लेखकाला ते नाटकाचे सर्वांत दुबळे स्थळ वाटते, आणि त्याचे कारण केवळ त्यातील वंशवादी उपमा नाहीत. डॉक्टर ज्याला बहुमत म्हणतो ते बहुमत नव्हतेच. नॉर्वेत १८३७ च्या कायद्याने स्थानिक स्वराज्य आले, परंतु मतदानाचा हक्क मालमत्ता, व्यवसाय व पद यांच्याशी बांधलेला होता. संसदीय निवडणुकांत सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळाले ते १८९८ साली, आणि स्त्रियांना १९१३ साली. तेव्हा १८८२ च्या त्या दिवाणखान्यात ज्यांच्या आवाजाला वजन होते ते करदाते, घरमालक आणि दुकानदार होते. आस्लाकसनचे ‘एकसंध बहुमत’ ही गावातील मालमत्तेची एकजूट होती. डॉक्टरने तिच्यावर प्रहार करायचे सोडून सामान्य जनतेला, मतच नसलेल्या लोकांना, हलक्या कुळीचे ठरविले. नेम चुकला तो येथे.

या संदर्भात एक बाब नोंदविण्यासारखी आहे. डॉक्टर स्वतः घरमालक नाही. पाचव्या अंकात त्याच्या खिडक्या दगडांनी फुटतात आणि घरमालक त्याला जागा सोडण्याची नोटीस पाठवितो. आपल्याला हे नाइलाजाने करावे लागत आहे, गावाच्या विरोधात जाण्याची छाती नाही, असे निमित्त पुढे करून. म्हणजे नव्या नळांसाठी जो कर्जाचा बोजा सुचविला जात होता त्यातला घरमालकाचा हिस्सा डॉक्टरच्या वाट्याला थेट कधीच येणार नव्हता. त्याचा सल्ला यामुळे कमी खरा ठरत नाही. परंतु ज्याला द्यावे लागणार नाही त्याने, द्यावे लागणाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. डॉक्टरपाशी ते नव्हते, आणि त्याला त्याची उणीवही भासली नाही.

मुंबईतील एक समकालीन प्रसंग

करदात्यांची कुरकुर ही नेहमीच क्षुद्र असते काय? याचे उत्तर देण्यासाठी नॉर्वेहून मुंबईकडे येणे उपयुक्त ठरेल, कारण याच काळात मुंबईत असाच एक संघर्ष झाला आणि त्याचा शेवट वेगळा झाला. १८६५ च्या कायद्यानुसार आर्थर क्रॉफर्ड मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला. गटारे, रस्ते, बाजार, स्वच्छता यांची कामे त्याने धडाक्याने हाती घेतली, आणि तितक्याच धडाक्याने पालिकेला कर्जात घातले. कापसाच्या तेजीनंतर मुंबई कोसळलेली होती; अशा वेळी वाढत्या करांनी शहरातील करदाते संतापले. त्यांच्या असंतोषातून १८७१ साली मोठे आंदोलन झाले. तरुण फिरोजशहा मेहता यांनी विरोधी वातावरणात उभे राहून क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेतली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. दोष एका व्यक्तीचा नसून ज्या रचनेत कर देणाऱ्यांना कर बसविणाऱ्यांवर काहीच अंकुश नाही त्या रचनेचा आहे, अशी मांडणी त्यांनी केली आणि करदात्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची मागणी पुढे आणली. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन अस्तित्वात आली आणि त्यांतील निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले.

येथेही मत मालमत्तेचेच होते, आणि चाळींतल्या मजुरांना त्यात स्थान नव्हते. त्या कायद्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यात एक धडा आहे. मेहतांनी स्वच्छतेच्या कामाची आवश्यकता आणि करदात्यांची तक्रार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानल्या. गटारे हवीतच आणि त्यांचा खर्च कसा, किती, कोणाकडून हे ठरविण्यात देणाऱ्याला वाव हवा. इब्सेनच्या गावात असा माणूस नाही. तेथे एक भाऊ फक्त पाण्याबद्दल बोलतो आणि दुसरा फक्त पैशाबद्दल. दोघांच्या मध्ये उभे राहण्याची पात्रता आस्लाकसनपाशी होती, कारण संघ त्याचा होता. पण त्याचे धैर्य त्याच्या मवाळपणापेक्षा मोठे नव्हते.

समभाग आणि शेवटचा अंक

पाचव्या अंकात पैसा पुन्हा रंगमंचावर येतो आणि इब्सेन आपल्या उंचीवर परततो. म्हातारा मॉर्टन कील कोसळलेल्या दरात स्नानगृहांचे समभाग विकत घेऊन येतो. त्यासाठी वापरलेली रक्कम डॉक्टरच्या पत्नीला आणि मुलांना वारशाने मिळायची होती. आजोबा, बाप आणि आपण अशा तीन पिढ्यांनी गावात विष पसरविले हा डाग त्याला पुसायचा आहे, आणि तो पुसण्याची रीत म्हणजे जावयाने आपले म्हणणे मागे घ्यावे. मागोमाग होव्स्टॅड आणि आस्लाकसन येतात. डॉक्टरने घबराट पसरवून समभाग पाडले आणि स्वस्तात घेतले, असा त्यांचा समज. त्या चातुर्याबद्दल त्यांना आदरच वाटतो. थोड्या अर्थसाहाय्याच्या बदल्यात ते आपले वृत्तपत्र डॉक्टरच्या सेवेला देऊ करतात. डॉक्टर छत्री उगारून त्यांना हाकलतो.

प्रेक्षक येथे हसतो. पण घडले आहे ते असे की दूषित करणारा कारखानदार आता दूषित झालेल्या संस्थेचा मोठा मालक झाला आहे. मालकांनी खर्च करावा हे आस्लाकसनचे तिसऱ्या अंकातील म्हणणे आणि ज्याने बिघडविले त्याने दुरुस्त करावे हे कोणी न उच्चारलेले म्हणणे, ही दोन्ही आता एकाच माणसाच्या दाराशी येऊन उभी आहेत. ज्याच्याकडे देयक पाठवायचे तो डॉक्टरच्या दिवाणखान्यात, हातात समभागांचे पाकीट घेऊन बसला आहे. डॉक्टर पत्नीच्या वारशाच्या मोहाशी झगडतो, आणि शेवटी नकार देतो. त्याच्या या नकाराचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु तू मालक झालास, आता नळ तू घाल, असे तो कीलला म्हणत नाही. पुढे तो शाळा काढण्याच्या आणि रस्त्यावरच्या पोरांना शिकविण्याच्या बेतात रमतो. जगातील सर्वांत सामर्थ्यवान मनुष्य एकटा असतो, हा त्याचा शोध टाळ्या घेतो. कातडीचे कारखाने चालूच आहेत आणि नळही जागच्या जागी आहेत.

दोन रूपांतरे

आर्थर मिलरने १९५० साली केलेले रूपांतर मॅकार्थीच्या काळातील आहे. त्याला डॉक्टरमध्ये छळ सोसणारा, मत बदलण्यास नकार देणारा नागरिक दिसला. चौथ्या अंकातील जातिवंत आणि हलक्या कुळीचा भेद त्याने वगळला, आणि ते योग्यच केले असे म्हणावे लागेल. मात्र या सफाईमुळे डॉक्टर अधिक निर्दोष झाला, आणि तो जितका निर्दोष होतो तितका घरमालकांचा प्रश्न हास्यास्पद ठरतो.

सत्यजित राय यांनी १९८९ च्या ‘गणशत्रू’ या चित्रपटात मोठा बदल केला. चंडीपूर या कल्पित गावात डॉ. अशोक गुप्त, म्हणजे सौमित्र चटर्जी, यांना काविळीच्या साथीचे मूळ मंदिराच्या चरणामृतात सापडते. पाणी दूषित होते ते सदोष जलवाहिनीमुळे, हा धागा राय यांनी कायम ठेवला आहे. पण विरोधाचे मूळ त्यांनी करातून उचलून श्रद्धेत रोवले. चरणामृत दूषित असूच शकत नाही असा विश्वास असलेल्या गावापुढे डॉक्टर उभे आहेत. भारतीय प्रेक्षकासाठी हा बदल प्रभावी ठरला यात शंका नाही. शेवटी बाहेरून समर्थकांच्या घोषणाही ऐकू येतात. इब्सेनचे डॉक्टर कुटुंब आणि हॉर्स्टर यांच्यापुरतेच उरते. तथापि या स्थलांतरात एक गोष्ट गमावली गेली. श्रद्धाळू माणूस खर्चाच्या भीतीने सत्य नाकारीत नाही. आस्लाकसन नाकारतो, आणि त्याला ते नाकारताना कळतही नाही. श्रद्धा ही अडचण असेल तर प्रबोधन हा उपाय सुचतो. खर्च ही अडचण असेल तर न्याय्य वाटणीशिवाय प्रबोधनाचा उपयोग होत नाही. गावाला वैज्ञानिक दृष्टी शिकवून कर्जाचे हप्ते फिटत नाहीत. आपल्या गावांत आणि उपनगरांत भुयारी गटार योजनांवर होणाऱ्या वादांत श्रद्धेपेक्षा आस्लाकसनच अधिक वेळा भेटतो, असे निरीक्षण या ठिकाणी नोंदवावेसे वाटते.

भाषांतराविषयी

मराठी रंगभूमीने इब्सेनकडून जे घेतले ते मुख्यतः घराच्या चार भिंतींतले. अनंत काणेकरांनी ‘ए डॉल्स हाउस’चे ‘घरकुल’ केले, नाट्यमन्वंतरच्या पिढीने नॉर्वेच्या नाटकांकडे वळताना स्त्री-पुरुष संबंधांचा प्रश्न उचलला. ‘आंधळ्यांची शाळा’ या १९३३ च्या नाटकाचे मूळ इब्सेनचा समकालीन ब्यर्नसन याच्याकडे होते. नगरपालिकेचा इब्सेन आपल्याकडे त्या मानाने पाठीमागे राहिला. त्यामुळे या नाटकाचे मराठी रूप करताना एका शब्दाची विशेष काळजी घ्यावी लागेल. आस्लाकसन ज्या संघाचा अध्यक्ष आहे त्याचे वर्णन मूळ नॉर्वेजियनमध्ये घर असणाऱ्यांचा संघ असे आहे. इंग्रजी भाषांतरांत त्याला वेगवेगळी नावे मिळाली आहेत. मराठीत ‘नागरिक संघ’ वा ‘व्यापारी मंडळ’ असे सुटसुटीत नाव देण्याचा मोह होईल, प्रयोगात ते कानाला गोडही लागेल. पण ‘नागरिक’ म्हटले की आस्लाकसन सगळ्या गावाचा प्रतिनिधी होऊन बसतो, आणि नेमका तोच त्याचा खोटा दावा आहे. ‘घरमालक’ हा शब्द ठेवला म्हणजे भाड्याने राहणारा डॉक्टर, कारखान्याचा मालक कील, सभेत मत नसलेले गावकरी आणि ज्यांच्या दारापुढून नळ जाणार ते करपात्र गृहस्थ यांच्या रांगा प्रेक्षकाला वेगवेगळ्या दिसतात, आणि तिसऱ्या अंकात नगराध्यक्ष खर्चाचा आकडा सांगतो तेव्हा आस्लाकसनच्या चेहऱ्याचा रंग का उडतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.